‘पंडितजसराज’ : एका लघुग्रहाचा शोध, मार्ग आणि नाव

सप्टेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरणाऱ्या एका लहानशा लघुग्रहाला ‘पंडितजसराज’ हे नाव दिले. मेवाती घराण्याचे थोर गायक पंडित जसराज यांचा जन्म हरियाणातला. परंतु चित्रपती व्ही. शांताराम यांचे जामात आणि मुंबईचे दीर्घकाळचे रहिवासी म्हणून महाराष्ट्राने त्यांना आपलेच मानले. असा बहुमान लाभलेले ते पहिले भारतीय संगीतकार ठरले. त्या वेळी ते ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट २०२० रोजी, त्यांचे निधन झाले.

ही बातमी सर्वत्र आनंदाने वाचली गेली. मात्र ती सांगताना कोणी ‘ताऱ्याला नाव दिले’ असे म्हटले, तर कोणी ‘नवा ग्रह सापडला’ असे. वस्तुतः या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. तो तारा नव्हता, ग्रहही नव्हता. आणि २०१९ साली तो नव्याने सापडलेलाही नव्हता. तो प्रथम टिपला गेला ११ नोव्हेंबर २००६ रोजी. म्हणजे दिसणे आणि नाव मिळणे यांमध्ये जवळजवळ तेरा वर्षे गेली. एवढा काळ का लागावा, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. अलीकडे ‘शाळकरी विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशा बातम्या वारंवार येतात आणि ‘आपल्या बाळाच्या नावाने तारा घ्या’ अशा जाहिरातीही दिसतात. खरे काय आणि पोकळ काय हे ओळखायचे असेल, तर लघुग्रहाचा शोध म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे.

चार छायाचित्रे आणि एक ठिपका

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात सांता कॅटलिना नावाची पर्वतरांग आहे. तेथील दुर्बिणींच्या साहाय्याने ‘कॅटलिना आकाश सर्वेक्षण’ हा प्रकल्प चालतो. पृथ्वीच्या जवळून जाणारे, प्रसंगी धोकादायक ठरू शकणारे लघुग्रह हुडकणे हे त्याचे मुख्य काम. पण समुद्रात जाळे टाकले म्हणजे हव्या त्या माशाबरोबर इतर मासेही येतात, तसे या सर्वेक्षणाच्या जाळ्यात मंगळ व गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले असंख्य लघुग्रह येत राहतात.

पद्धत सोपी आहे. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने साधारणपणे चार छायाचित्रे घेतली जातात. तारे चारही चित्रांत आपापल्या जागी स्थिर असतात. एखादा ठिपका मात्र प्रत्येक चित्रात थोडा थोडा पुढे सरकलेला आढळतो. पट्ट्यातला लघुग्रह एका दिवसात आकाशात सुमारे पूर्णचंद्राच्या अर्ध्या व्यासाइतके अंतर कापतो. तेव्हा काही मिनिटांत तो किती सरकत असेल, याची कल्पना वाचकांना करता येईल. संगणक असे सरकणारे ठिपके वेगळे काढतो आणि मग माणसाचा डोळा ते तपासतो.

११ नोव्हेंबर २००६ रोजी टिपलेल्या या ठिपक्याला पहिले नाव मिळाले ते ‘२००६ व्हीपी३२’. हे नाव विचित्र दिसत असले, तरी त्याची रचना अत्यंत शिस्तबद्ध आहे. वर्षाचे चोवीस पंधरवडे पाडून प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिलेले असते. ‘व्ही’ हे अक्षर १ ते १५ नोव्हेंबर या पंधरवड्याचे. त्या पंधरवड्यातल्या नोंदी पुढे पंचवीस अक्षरांनी मोजल्या जातात. अक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते आणि किती फेऱ्या झाल्या, ते शेवटच्या आकड्यात लिहितात. ‘पी’ हे या मोजणीतले पंधरावे अक्षर आणि फेऱ्या ३२. पंचवीस गुणिले बत्तीस म्हणजे आठशे; त्यात पंधरा मिळवले की आठशे पंधरा. म्हणजे नोव्हेंबर २००६ च्या केवळ पहिल्या पंधरवड्यात नोंदला गेलेला हा ८१५ वा पिंड होता! एवढ्या गर्दीतला हा एक ठिपका. त्याची पहिली ओळख म्हणजे रुग्णालयात नवजात बालकाच्या मनगटाला बांधलेली चिठ्ठी. ती उपयोगाची असते. परंतु ते बाळाचे नाव नव्हे.

पहिला लघुग्रह आणि एक धर्मगुरू

दिसणे आणि सापडणे यांत किती अंतर आहे, हे पहिल्याच लघुग्रहाने जगाला शिकवले. तो पाहणारे जुझेप्पे पियाझ्झी हे थिएटाइन संघाचे कॅथोलिक धर्मगुरू होते. सिसिली बेटावरील पालेर्मो येथील वेधशाळेत ते ताऱ्यांची अचूक सूची तयार करीत होते. १ जानेवारी १८०१ च्या रात्री वृषभ राशीत त्यांना एक अंधुक तारा दिसला. दुसऱ्या रात्री तो जागेवरून हललेला होता, तिसऱ्या रात्री आणखी. हा धूमकेतू असावा असे त्यांना प्रथम वाटले. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे २४ वेध घेतले. मग ते आजारी पडले आणि तो पिंड सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला.

काही महिन्यांनी तो सूर्यापलीकडून पुन्हा बाहेर येणार होता. पण कोठे शोधावा? पियाझ्झी यांनी पाहिलेला भाग त्याच्या पूर्ण फेरीच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकाच होता. युरोपातील निरीक्षक हताश झाले. त्या वेळी कार्ल फ्रीडरिख गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने एक नवी रीत शोधून काढली. मोजक्याच वेधांवरून त्याने संपूर्ण कक्षा गणिताने मांडली आणि ‘येथे पाहा’ असे सांगितले. वर्षाच्या अगदी शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबर १८०१ रोजी, फॉन झाख यांना आणि दुसऱ्याच दिवशी ओल्बर्स यांना तो पिंड जवळजवळ त्याच जागी सापडला. तोच सेरेस. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस हा पट्ट्यातला सर्वांत मोठा पिंड असून आज त्याची गणना बटुग्रहांत होते.

तेव्हा सेरेस पाहिला तो पियाझ्झी यांनी. पण तो मानवजातीच्या हाती राहिला तो गाउसच्या गणितामुळे. खगोलशास्त्रज्ञांनी दोघांचेही ऋण मानले. पुढे १००० क्रमांकाच्या लघुग्रहाला ‘पियाझ्झिया’ आणि १००१ क्रमांकाच्या लघुग्रहाला ‘गाउसिया’ ही नावे देण्यात आली.

मार्ग कसा ठरतो?

आकाशात आपल्याला ठिपक्याची फक्त दिशा दिसते, अंतर दिसत नाही. कोणत्याही एका वेधातून दोनच आकडे मिळतात. कक्षा पूर्णपणे सांगायला मात्र सहा आकडे लागतात : कक्षा किती मोठी, किती लांबट, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी किती कललेली, तो कल कोणत्या दिशेला, लांबट बाजू कोणीकडे वळलेली आणि अमुक दिवशी पिंड तिच्यावर कोठे होता. तीन वेधांतून सहा आकडे मिळतात, म्हणून तत्त्वतः तीन वेध पुरेसे असतात. पण वेधात केसभर चूक राहिली, तरी पुढच्या वर्षीच्या भाकितात ती फुगत जाते. म्हणून वेध जितके अधिक आणि जितक्या लांबच्या काळात पसरलेले, तितकी कक्षा पक्की.

एक उदाहरण घेऊ. आशिया खंडातून शोधला गेलेला पहिला लघुग्रह आपल्याच देशात सापडला. मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी तो शोधला आणि त्याला ‘एशिया’ हे नाव मिळाले. त्याचा क्रमांक ६७. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर १ धरले, तर या लघुग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर २.४२ भरते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अंतराचा घन हा वर्षांच्या वर्गाइतका असतो. २.४२ चा घन सुमारे १४.१७ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३.७६. म्हणजे हा लघुग्रह पावणेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो सूर्याच्या कधी १.९७ पट अंतरावर येतो, तर कधी २.८७ पट अंतरापर्यंत दूर जातो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर. शालेय गणित येणाऱ्या कोणालाही हा हिशेब वहीत करून पाहता येईल.

मुख्य पट्ट्यातले बहुतेक लघुग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या २.१ ते ३.३ पट अंतरावर फिरतात. त्यांचे वर्ष सुमारे तीन ते सहा पृथ्वीवर्षांचे असते. या पट्ट्यात खडकांची दाटी आहे, असे चित्रपटांत दाखवतात ते खरे नव्हे. तेथील सारे पिंड एकत्र केले, तरी आपल्या चंद्राच्या वस्तुमानाच्या चार टक्केही भरणार नाहीत. अवकाशयाने या पट्ट्यातून निर्वेधपणे पार जातात.

वक्री गती आणि पुनर्भेट

पंचांग पाहणाऱ्या आपल्या समाजाला ‘वक्री’ हा शब्द परिचित आहे. पृथ्वी आतल्या कक्षेत वेगाने धावते, लघुग्रह बाहेरच्या कक्षेत सावकाश. आपली एस.टी. रस्त्यावरच्या बैलगाडीला मागे टाकते, तेव्हा दूरच्या डोंगरांच्या संदर्भात ती गाडी क्षणभर मागे जात असल्यासारखी वाटते. तसाच लघुग्रहही पृथ्वी त्याला ओलांडत असताना ताऱ्यांमध्ये मागे सरकताना दिसतो. त्या सुमारास सूर्य, पृथ्वी आणि लघुग्रह एका रेषेत असतात. लघुग्रह मध्यरात्री डोक्यावर उंच येतो आणि सर्वांत तेजस्वी दिसतो. याला प्रतियुती म्हणतात. चार वर्षांत फेरी करणाऱ्या लघुग्रहाची प्रतियुती दर सोळा महिन्यांनी येते. मधला बराच काळ तो अंधुक असतो किंवा सूर्याच्या तेजात लपलेला असतो.

साधारणपणे चार प्रतियुतींच्या वेळी त्याचे वेध मिळाले आणि गणिताने सांगितलेल्या जागी तो प्रत्येक वेळी हजर झाला, म्हणजे मगच त्याला कायमचा क्रमांक मिळतो. चार वेळा भेट म्हणजे चार-पाच वर्षे सहज जातात. प्रत्यक्षात कधी त्याहून पुष्कळ अधिक.

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे क्षेत्र वारकऱ्यांमध्ये ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. एकदा येऊन गेलेल्याला तेथे कोणी वारकरी म्हणत नाही. जो नेमाने पुन्हा येतो तो वारकरी. लघुग्रहाच्या बाबतीत हाच न्याय आहे. एका रात्री दिसला तो केवळ ठिपका. वारी चुकवली नाही, तो लघुग्रह.

वारी चुकली म्हणजे काय होते, याचे उदाहरण बोलके आहे. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतील माउंट विल्सन येथे सेठ निकोल्सन आणि हार्लो शॅप्ली यांनी मुख्य पट्ट्यातला एक छोटा लघुग्रह टिपला. शॅप्ली यांनी त्याला आपल्या तान्ह्या मुलीचे, ‘मिल्ड्रेड’ हे नाव दिले; क्रमांकही मिळाला, ८७८. परंतु वेध अपुरे होते. लघुग्रह हरवला तो तब्बल पंचाहत्तर वर्षे! नाव यादीत होते, पण त्या नावाचा पिंड कोठे आहे हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर एप्रिल १९९१ मध्ये गॅरेथ विल्यम्स यांनी जुन्या छायाचित्रांतले सुटे ठिपके एका कक्षेत बसवून त्याचा पत्ता लावला. तोपर्यंत ती तान्ही मुलगी वृद्ध झाली होती आणि स्वतःही खगोलशास्त्रात कार्य करीत होती. पक्क्या मार्गावाचून दिलेले नाव किती निराधार असते, हे याहून अधिक स्पष्टपणे सांगता येणार नाही.

क्रमांक आधी, नाव नंतर

‘२००६ व्हीपी३२’ या ठिपक्याने आपली वारी पाळली आणि त्याला ३००१२८ हा कायमचा क्रमांक मिळाला. क्रमांक ओळीने दिले जातात. देताना कोणाची जन्मतारीख पाहिली जात नाही. योगायोग असा की पंडित जसराज यांचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. दिवस, महिना आणि वर्ष यांचे आकडे उलट क्रमाने लिहिले, की तीस, शून्य एक, अठ्ठावीस असा हाच क्रमांक तयार होतो.

नाव सुचवण्याचा अधिकार शोधकर्त्याचा असतो आणि क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षे तो त्याच्याकडे राहतो. सुचवलेले नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती तपासते. नाव रोमन लिपीतल्या सोळा अक्षरांपेक्षा मोठे नसावे आणि शक्यतो एका शब्दाचे असावे. म्हणूनच ‘पंडित’ आणि ‘जसराज’ हे शब्द येथे जोडले गेले आहेत. राजकीय किंवा लष्करी कारणाने प्रसिद्ध झालेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावाचून स्वीकारले जात नाही. व्यापारी जाहिरातीचे नाव चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव विकत मिळत नाही.

पियाझ्झी यांच्यापासून सुरू झालेली कॅथोलिक धर्मगुरूंची परंपरा या नामावलीतही दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेशी संबंधित आणखी काही नावांची भर पडली. योहान हागेन, विल्यम स्टोगर आणि रॉबर्ट यानुश या तीन येशूसंघीय धर्मगुरूंची नावे लघुग्रहांना देण्यात आली. तसेच पोप तेरावे ग्रेगरी यांचे मूळ नाव उगो बोनकॉम्पान्यी हेही एका लघुग्रहाला मिळाले. आज जगभर वापरात असलेल्या दिनदर्शिकेची सुधारणा १५८२ साली याच पोपमहोदयांनी घडवून आणली होती. नामावलीत कोणताही भेद नाही. तेथे मेवाती घराण्याचा गायक आहे, येशूसंघीय धर्मगुरू आहेत आणि एक तान्ही मुलगीही आहे.

आपल्या मुलांना काय सांगावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोठ्या दुर्बिणींची छायाचित्रे तपासायला देणारे आंतरराष्ट्रीय उपक्रम आज चालतात आणि त्यांत भारतीय विद्यार्थीही भाग घेतात. हे काम खरे आहे. परंतु त्यांतून मिळणारे पहिले प्रमाणपत्र बहुधा ‘प्राथमिक नोंदी’चे असते. तो ठिपका पुन्हा दिसावा लागतो, मग तात्पुरते नाव मिळते, मग अनेक वर्षांनी क्रमांक आणि त्यानंतर कदाचित नाव. यांतल्या पहिल्या पायरीलाच ‘शोध’ म्हणून मुलाची मिरवणूक काढणे हे मुलावर अन्याय करणारे आहे. आणि पहिली पायरी क्षुल्लक म्हणून हिणवणे हाही तितकाच अन्याय आहे.

तरुणांचा डोळा किती मोलाचा असतो, हे ऑगस्ट २०२० मध्ये दिसून आले. मुंबईच्या आयआयटीतील कुणाल देशमुख आणि कृती शर्मा हे विद्यार्थी अमेरिकेतील पालोमार येथील झ्विकी सर्वेक्षणाची छायाचित्रे तपासण्याच्या कामात सहभागी होते. त्या तपासणीतून ‘२०२० क्यूजी’ हा पिंड उजेडात आला. मोटारगाडीएवढा हा लघुग्रह पट्ट्यातला नव्हता. १६ ऑगस्ट रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केवळ २९५० किलोमीटरवरून निघून गेला होता. पृथ्वीवर न आदळता इतक्या जवळून गेलेला दुसरा लघुग्रह तोपर्यंत नोंदला गेला नव्हता. संगणकाने वेगळ्या काढलेल्या असंख्य रेषांतून खरी रेघ ओळखली ती शेवटी माणसांनी.

तारा किंवा लघुग्रह ‘विकणाऱ्या’ जाहिरातींविषयी मात्र एकच सांगणे आहे. अशा प्रमाणपत्राला खगोलशास्त्रात कसलीही मान्यता नाही. ते पैसे मुलासाठी एक साधी द्विनेत्री दुर्बीण घेण्यात खर्च करावेत. प्रतियुतीच्या सुमारास वेस्टा हा लघुग्रह अशा दुर्बिणीतून सहज दिसतो, आणि नारायणगडासारख्या अंधाऱ्या जागेवरून तर कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम जाणवतो. लागोपाठ तीन-चार रात्री त्याच्या भोवतीचे तारे वहीत उतरवून घ्यावेत. त्यांतला एक ‘तारा’ सरकलेला दिसला, की पियाझ्झी यांनी केले तेच मुलाने स्वतःच्या हाताने केलेले असेल. ‘पंडितजसराज’ हा लघुग्रह मात्र फारच अंधुक आहे. त्यासाठी मोठी दुर्बीणच हवी.

जून २०२५ मध्ये चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा अवघ्या दहा तासांच्या निरीक्षणांत २१०४ नवे लघुग्रह आढळल्याचे सांगण्यात आले. यापुढे ठिपक्यांची उणीव भासणार नाही. परंतु त्यांतला प्रत्येक ठिपका पुन्हा भेटावा लागेल, मोजावा लागेल, गणितात बसावा लागेल. यंत्रे कितीही वेगवान झाली, तरी लघुग्रहाला सूर्याभोवती फिरायला तितकीच वर्षे लागतात, आणि वाट पाहणाऱ्यालाही.